रेंजफाइंडर कॅमेऱ्याची ग्रिप आणि हाताने चालणारा वाइंडर

लेन्सऐवजी वेगळ्या खिडकीतून पाहून, दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून ज्यात फोकस साधतात तो रेंजफाइंडर कॅमेरा. त्याची पकड सुधारण्यासाठी जोडलेला उंचवटा म्हणजे ग्रिप, आणि अंगठ्याचा खटका न वापरता कॅमेऱ्याच्या तळाशी असलेला दांडा ओढून फिल्म पुढे सरकवणारे यंत्र म्हणजे हाताने चालणारा वाइंडर. दोहोंचा संबंध कॅमेऱ्याच्या तळाशी येतो, त्यामुळे एकाची निवड करताना दुसऱ्याचा विचार करावाच लागतो. हर्णैच्या किनाऱ्यावरील मासळीचा लिलाव, रत्नागिरीकडचा शिमगा, सिंधुदुर्गातील दशावतार अशा गर्दीच्या किंवा अपुऱ्या उजेडाच्या प्रसंगी फिल्मवर चित्रण करणाऱ्याला या निवडीचे महत्त्व विशेष जाणवते.

रेंजफाइंडरमध्ये आरसा नसल्याने शटर दाबताना धक्का कमी बसतो आणि हात स्थिर असल्यास मंद वेगावरही चित्र स्पष्ट येते. मात्र या कॅमेऱ्यांचा पुढचा भाग बहुधा सपाट असतो. अर्ध्या किलोहून जड असा धातूचा कॅमेरा घामेजल्या बोटांतून निसटू पाहतो, आणि कोकणात हात कोरडे राहण्याचे दिवस वर्षात थोडेच. काही ग्रिप ट्रायपॉडच्या आट्यांत बसतात, तर काही मूळ तळपट्टी काढून तिच्या जागी बसवल्या जातात. चामड्याचे अर्धे कव्हर ही पकडीची जुनी सोय होय. पण पावसाळ्यात ते ओल धरते आणि त्यावर बुरशी येते, म्हणून किनारपट्टीवर त्याची शिफारस करवत नाही. ग्रिप घेताना कॅमेरा डोळ्याला लावून उजव्या हाताचे मधले बोट उंचवट्यामागे सहज दडते का आणि तर्जनी न ताणता शटरच्या बटणावर पोचते का, हे पाहावे. आखूड बोटांच्या माणसाला फार फुगीर ग्रिप अडचणीचीच ठरते.

वाइंडरचे काम समजण्यासाठी फिल्मचे माप ध्यानात घ्यावे. ३५ मिमी फिल्मवरील २४ × ३६ मिमी चौकटीसाठी दर वेळी आठ छिद्रे, म्हणजे सुमारे ३८ मिमी फिल्म पुढे जावी लागते. जुन्या जर्मन लायका आणि सोव्हिएत झोर्की व फेड कॅमेऱ्यांत त्यासाठी गोल बटण पिळावे लागे, आणि तेवढ्यात समोरचा क्षण निघून जाई. लायकाने १९३० च्या दशकात तळाला बसणारे यंत्र आणले; पुढे ते ‘लायकाव्हिट’ नावाने ओळखले गेले. त्याचा दुमडलेला दांडा उघडून डाव्या हाताच्या बोटांनी ओढला की फिल्म सरकते आणि पुढच्या चित्रासाठी शटरही चढते. कॅननने १९५६ च्या व्हीटी कॅमेऱ्यात असा दांडा तळातच बसवला. पुढे कॅनडात टॉम अब्राहमसन यांनी लायका एम मालिकेसाठी बनवलेला ‘रॅपिडवाइंडर’ नावाजला गेला, आणि २००३ मध्ये लायकानेही एम मालिकेसाठी लायकाव्हिट पुन्हा बाजारात आणले.

याचा खरा लाभ वेगापेक्षा नजरेच्या अखंडतेत आहे. अंगठ्याने खटका ओढताना कॅमेरा थोडा तरी हलतो, आणि डाव्या डोळ्याने पाहणाऱ्याच्या कपाळाला तो खटका टोचतो; तळाचा दांडा ओढताना मात्र उजवा हात व डोळा जागचे हलत नाहीत. दशावतारातला संकासुर रंगमंचावर असताना प्रेक्षकांत बसून चित्रे घेणाऱ्याला मोटरवर चालणाऱ्या वाइंडरच्या आवाजापेक्षा हा दांडा कितीतरी सौम्य वाटतो. सवय झाल्यावर सेकंदाला दोन चित्रे घेता येतात. पण रीळ संपत आल्यावर दांडा जड लागला, तर जोर मुळीच करू नये, कारण छिद्रे फाटतात. रीळ नवे असताना फिल्म गुंडाळण्याचे वरचे बटण उलटे फिरते आहे ना, हे पाहण्याची सवय येथेही मोडू नये.

प्रत्येक कॅमेऱ्याला वाइंडर बसत नाही. लायकाच्या एम४-२ (१९७७) पासून वाइंडरसाठी लागणारी तळातील जोडणी नित्याची झाली. १९५४ च्या एम३ ला मात्र ती नाही. लायकात रीळ तळातून भरत असल्याने दर ३६ चित्रांनंतर वाइंडर काढावा लागतो. साधी तळपट्टी दातांत धरून रीळ बदलणारे पुष्कळ आहेत. दांड्यासह जाड झालेला तळ तसा धरता येत नाही, आणि पुळणीवर ठेवला तर वाळू थेट यंत्रात जाते. कोसिना या जपानी कंपनीने व्होइग्टलँडर नावाने काढलेल्या बेसा-टी (२००१) कॅमेऱ्याची पाठ उघडत असल्याने त्याचा वाइंडर रीळ भरताना जागेवर राहतो. होडीतून किंवा जेटीवर काम करणाऱ्याने ही सोय मोलाची मानावी.

खाऱ्या हवेत ग्रिप व तळपट्टी यांच्यामधली फट हे नुकसानीचे मुख्य ठिकाण असते. पितळी तळपट्टीला ॲल्युमिनियमची ग्रिप घट्ट आवळून महिनोन्‌महिने ठेवली, तर त्या फटीत शिरलेल्या खाऱ्या ओलाव्यामुळे ॲल्युमिनियम गंजून पांढरी भुकटी सुटते आणि स्क्रू आट्यांत अडकून बसतो. त्यासाठी बंदरावरून परतल्यावर ग्रिप व वाइंडर सोडवून, किंचित ओलसर सुती फडक्याने मीठ पुसून, कोरड्या फडक्याने टिपून दोन्ही भाग वेगवेगळे ठेवावेत. जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्यांच्यासोबत डब्यात सिलिका जेलची पुडी असावी आणि ती वरचेवर तापवून कोरडी करावी.