महिला प्राध्यापकांसाठी ‘पॉवर’ संशोधन अनुदान: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची तयारी

संशोधन अनुदानाची जाहिरात कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडली की आमच्या स्टाफरूममध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘हे आयआयटीवाल्यांसाठी असतं गं, आपल्यासाठी नाही.’ असं म्हणणाऱ्या मॅडमची पीएचडी झालेली असते, नावावर चार चांगले पेपर असतात आणि लिंक मात्र त्यांनी उघडलेलीही नसते. विज्ञान आणि अभियांत्रिकीतल्या महिला संशोधकांसाठी आखलेल्या ‘पॉवर’ योजनेच्या बाबतीत तरी हे वाक्य साफ चुकीचं आहे. राज्य विद्यापीठांत, त्यांच्या संलग्न कॉलेजांत आणि खासगी संस्थांत काम करणाऱ्या महिलांसाठी या योजनेत वेगळी पायरी ठेवलेली आहे. तिथे तुमची स्पर्धा आयआयटीतल्या प्रयोगशाळेशी नसते, तुमच्यासारख्याच कॉलेजांतल्या संशोधकांशी असते. हे एकदा नीट कळलं की अर्जाकडे बघण्याची नजरच बदलते, म्हणून हा लेख.

पॉवर योजना केंद्राच्या विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळाने, म्हणजे ‘सर्ब’ने, २९ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू केली. पुढे २०२३ मध्ये अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा झाला, ५ फेब्रुवारी २०२४ पासून तो लागू झाला आणि सर्ब या फाउंडेशनमध्ये विलीन झालं. त्यामुळे आता जाहिराती बघायच्या त्या फाउंडेशनच्या ऑनलाइन पोर्टलवर. खाली दिलेल्या रकमा आणि अटी योजना जाहीर झाली तेव्हाच्या आहेत. तुम्ही अर्ज भराल त्या वेळी पोर्टलवर जी जाहिरात खुली असेल, तिच्यातली वयाची आणि रकमेची ओळच अंतिम धरायची. कागदपत्रांची तयारी मात्र फाउंडेशनच्या जवळपास कुठल्याही अनुदानाला अशीच लागते, त्यामुळे ती वाया जात नाही.

योजनेचे दोन भाग आहेत आणि अनेक जणी इथेच गोंधळतात. पहिला भाग फेलोशिप. वय ३५ ते ५५ च्या दरम्यान हवं. पगाराव्यतिरिक्त दरमहा १५,००० रुपये, संशोधनासाठी वर्षाला १० लाख आणि संस्थेला ओव्हरहेडपोटी, म्हणजे वरखर्चासाठी, वर्षाला ९०,००० रुपये, असं ३ वर्षं मिळतं. मुदतवाढ नाही आणि ही फेलोशिप कारकिर्दीत एकदाच मिळते. वर्षाला जास्तीत जास्त २५ जणी निवडल्या जातात, तेव्हा इथे तुमचं आजवरचं काम फार काटेकोरपणे तोललं जातं.

दुसरा भाग संशोधन अनुदानाचा, आणि कॉलेजातल्या बहुतेकींनी आधी विचार करायचा तो याचाच. यात दोन स्तर आहेत. पहिल्या स्तरात आयआयटी, आयसर, आयआयएस्सी, एनआयटी, केंद्रीय विद्यापीठं आणि केंद्र सरकारच्या राष्ट्रीय प्रयोगशाळा येतात. ३ वर्षांसाठी ६० लाखांपर्यंत. आपल्याकडे पाहायचं तर आयआयटी मुंबई, पुण्याची आयसर आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल), नागपूरचं व्हीएनआयटी, गोव्यातली दोनापावलाची समुद्रविज्ञान संस्था ही सगळी पहिल्या स्तरातली. दुसऱ्या स्तरात राज्य विद्यापीठं, कॉलेजं आणि खासगी शैक्षणिक संस्था. ३ वर्षांसाठी ३० लाखांपर्यंत. मुंबई विद्यापीठ, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, शिवाजी विद्यापीठ, गोवा विद्यापीठ आणि त्यांना संलग्न असलेली तालुक्याच्या गावातली कॉलेजंसुद्धा या दुसऱ्या स्तरात बसतात.

पात्रतेतली खरी मेख ‘नियमित नोकरी’ या दोन शब्दांत आहे. भारतीय नागरिकत्व आणि विज्ञान किंवा अभियांत्रिकीतली पीएचडी यांबद्दल कुणाला शंका नसते. पण आपल्याकडे कितीतरी पीएचडीधारक महिला वर्षानुवर्षं सीएचबीवर, म्हणजे घड्याळी तासिका तत्त्वावर शिकवतात. त्यांना ही दारं बंद आहेत आणि हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण त्यांतल्या काहींचं काम कायम प्राध्यापकांपेक्षा सरस असलेलं मी जवळून पाहिलं आहे. अशांसाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या ‘वाइज-किरण’ छत्राखालच्या योजना आहेत. त्यातली वाइज-पीडीएफ ही फेलोशिप कायम नोकरी नसलेल्या पीएचडीधारक महिलांनी जरूर पाहावी. जैवविज्ञानात काम असेल तर जैवतंत्रज्ञान विभागाची ‘बायोकेअर’ योजनाही डोळ्यांखालून घालावी. एसएनडीटीसारख्या महिला विद्यापीठांसाठी ‘क्युरी’ हा कार्यक्रम आहे, पण त्यातला पैसा विद्यापीठाच्या प्रयोगशाळा उभ्या करायला असतो आणि अर्जही विद्यापीठच करतं.

आता कागदपत्रं. जन्मतारखेचा पुरावा, पीएचडीचं प्रमाणपत्र, ठरलेल्या नमुन्यातला बायोडेटा, वाङ्मयचौर्य नसल्याचं हमीपत्र, संशोधकाचं प्रमाणपत्र, उपकरण मागणार असाल तर त्याचं कोटेशन आणि संस्थाप्रमुखांचं संमतिपत्र. यादी लहान दिसते, पण तिच्यातल्या दोन गोष्टींवर सविस्तर बोलायला हवं.

पहिली गोष्ट नावाची. आपल्याकडे दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी आणि पुढे वडिलांचं नाव, पीएचडीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर तिसराच क्रम आणि पेपरांवर नुसती आद्याक्षरं, अशी एकाच बाईची चार-पाच नावं असतात. अर्ज तपासणाऱ्याला ही सगळी एकच व्यक्ती आहे हे तुम्ही दाखवून द्यायचं असतं. नाव बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातलं नावबदलाचं पान किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र स्कॅन करून ठेवा. पोर्टलवर नोंदणी करताना पगाराच्या नोंदीत आहे तेच नाव टाका, कारण संमतिपत्रावर कॉलेज तेच नाव लिहिणार. बायोडेटात ‘पूर्वीचं नाव’ अशी एक ओळ घाला आणि ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाची ऑनलाइन ओळख सांगणारा क्रमांक, काढून माहेरच्या व सासरच्या दोन्ही नावांचे पेपर त्याखाली आणा. संध्याकाळचा एक तास लागतो. हे न केल्यामुळे स्वतःचेच जुने पेपर मोजणीतून गळाल्याचं मी पाहिलं आहे.

दुसरी गोष्ट संमतिपत्राची. हे पत्र कॉलेजच्या लेटरहेडवर, जावक क्रमांक आणि तारखेसह, प्राचार्यांच्या किंवा कुलसचिवांच्या सही-शिक्क्याने द्यायचं असतं. मजकूर ठरलेला असतो, तो पोर्टलवरच्या नमुन्यातून जसाच्या तसा घ्या. त्यात संस्था बऱ्याच गोष्टींची हमी देते: ही प्राध्यापिका आमची नियमित कर्मचारी आहे आणि तिच्या निवृत्तीला इतकी वर्षं बाकी आहेत, मूलभूत सुविधा आम्ही देऊ, अनुदान फक्त याच प्रकल्पावर आणि मंजूर कालावधीतच खर्च होईल, प्रकल्पातून घेतलेली मालमत्ता आमच्या दप्तरी नोंदवू, प्रकल्प संपल्यावर ३ महिन्यांच्या आत हिशेब पूर्ण करू. प्रमुख संशोधकाला काही कारणाने काम सोडावं लागलं तर सहसंशोधक जबाबदारी घेईल, असंही त्यात येतं. म्हणून सहसंशोधक म्हणून कुणाचं नाव घालताना ती व्यक्ती खरोखर प्रयोगशाळेत उभी राहणारी हवी.

यातली ‘इतकी वर्षं बाकी’ ही जागा रिकामी राहू देऊ नका. माझ्या पहिल्या अर्जाच्या वेळी, तेव्हा मी दुसऱ्या कॉलेजात होते, कार्यालयाने जुन्या पत्राची प्रत काढून नाव बदललं आणि सहीला ठेवली. निवृत्तीच्या वर्षांची जागा कोरी होती. ते माझ्या लक्षात आलं शेवटच्या दिवशी दुपारी तीन वाजता आणि प्राचार्य तेव्हा बाहेरगावी होते. त्या वर्षी माझा अर्ज गेलाच नाही. आता मी प्रत्येकीला सांगते की प्रस्तावाचं एक अक्षर लिहिण्याआधी हे पत्र हातात घ्या, आकडा स्वतः सेवापुस्तकावरून तपासा आणि त्याच दिवशी स्कॅन करा. महाराष्ट्रात कॉलेजातल्या प्राध्यापकांची निवृत्ती साठाव्या वर्षी होते. म्हणजे ५४ व्या वर्षी अर्ज करणारीकडेही ३ वर्षांच्या प्रकल्पासाठी पुरेशी सेवा उरते. ‘आता कशाला या वयात’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून बघावा.

पोर्टलवर खातं उघडल्यावर आधी प्रोफाइल पूर्ण करावं लागतं: शिक्षण, नोकरी, प्रकाशनं, सध्या चालू असलेले आणि पूर्ण झालेले प्रकल्प. तुमच्या संस्थेचं नाव पोर्टलच्या यादीत आहे का, हे याच वेळी पाहा. नसेल तर ते घालून घ्यायला वेळ जातो. चालू प्रकल्प लपवू नका, विद्यापीठाच्या लघुसंशोधन अनुदानासकट सगळे लिहा. उलट मुंबई विद्यापीठासारखी विद्यापीठं कॉलेजच्या शिक्षकांना देतात ते छोटं अनुदान तुम्ही वेळेत पूर्ण करून हिशेब दिला असेल, तर तो तुमच्या बाजूचा पुरावा ठरतो.

तांत्रिक प्रस्तावात विषयाचा उगम, देशात आणि परदेशात झालेलं काम, तुमची उद्दिष्टं, कार्यपद्धती आणि वेळापत्रक हे भाग येतात. यातला ‘उगम’ मनापासून लिहा. तुमच्या हातात जे आहे आणि इतरांकडे नाही ते तिथे दिसलं पाहिजे. कोकणातल्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडमना जांभ्या दगडाच्या सड्यावर पावसाळ्यात उगवणाऱ्या वनस्पती चालत जाऊन गोळा करता येतात. विदर्भातल्या अभियांत्रिकी कॉलेजला औष्णिक वीज केंद्राची राख जवळ मिळते. मोठ्या संस्थेची नक्कल करणारा प्रस्ताव दुसऱ्या स्तरावरही मागे पडतो. उद्दिष्टं तीन किंवा चार पुरेत, आणि प्रत्येक उद्दिष्टासमोर कोणत्या महिन्यात काय होईल ते दिसू द्या. पोर्टल विषय आणि उपविषय निवडायला लावतं. अर्ज कोणत्या विषय समितीसमोर जाणार हे त्यावर ठरतं, तेव्हा तो पर्याय घाईत टिचकी मारून सोडू नका.

अंदाजपत्रकात सगळ्यात जास्त चुका होतात. ३० लाख ऐकायला मोठे वाटतात, पण एक कनिष्ठ संशोधन फेलो घेतला तर काय होतं ते पाहा. १ जानेवारी २०२३ पासून ही फेलोशिप दरमहा ३७,००० आणि वरिष्ठ झाल्यावर ४२,००० रुपये आहे. पहिली दोन वर्षं ८,८८,०००, तिसरं वर्ष ५,०४,०००, म्हणजे १३,९२,००० रुपये, आणि घरभाडे भत्ता वेगळा. जवळपास निम्मं अनुदान इथेच गेलं. तरीही माणूस घ्याच, असं मी म्हणेन. आठवड्याला सोळा-अठरा तास शिकवून, परीक्षेची आणि नॅक मूल्यांकनाची कामं करून एकटीने तीन वर्षांत प्रयोग पुरे होत नाहीत. मात्र तुमचा विभाग विद्यापीठाचं मान्यताप्राप्त संशोधन केंद्र आहे का आणि तुम्हाला मार्गदर्शक म्हणून मान्यता आहे का, हे आधी पाहा. फेलोला पीएचडीची नोंदणी करता येत नसेल तर चांगला मुलगा किंवा मुलगी तुमच्याकडे टिकत नाही.

उरलेल्या रकमेत महागडं उपकरण बसवण्याचा मोह टाळा. आयआयटी मुंबईत ‘सैफ’ ही विश्लेषण उपकरणांची सुविधा आहे, तिथे शुल्क भरून बाहेरच्या संशोधकांना नमुने तपासून मिळतात. ‘आय-स्टेम’ या राष्ट्रीय पोर्टलवर देशभरातल्या संस्थांची उपकरणं शोधता येतात. नमुने तपासणीचं शुल्क आणि तिथवरचा प्रवास अंदाजपत्रकात घातला तर लाखो रुपये वाचतात आणि समितीलाही कळतं की तुम्ही विचार करून पैसे मागितले आहेत. जे छोटं उपकरण रोज लागणार आहे तेच मागा, त्याचं अलीकडचं कोटेशन जोडा, आणि ते का लागतं हे तीन-चार वाक्यांत लिहा. रसायनं, काचसामान, प्रवास आणि किरकोळ खर्च यांच्या प्रत्येक आकड्यामागे एक ओळ स्पष्टीकरण हवं.

अर्ज गेला की तो त्या विषयातल्या तज्ज्ञांकडे परीक्षणाला जातो आणि पुढे विषय सल्लागार समितीसमोर येतो. फेलोशिपसाठी वेगळी शोध-निवड समिती असते. नकार आला आणि परीक्षकांचे शेरे मिळाले, तर ते छापून वहीत चिकटवा. पुढच्या वर्षी त्यांना एकेक उत्तर देत प्रस्ताव पुन्हा लिहिला की तो कितीतरी घट्ट होतो.

मंजुरी आल्यावर लेखा विभागाशी गाठ पडते. संस्थेची पीएफएमएसवर, म्हणजे सरकारी निधीचा हिशेब ठेवणाऱ्या ऑनलाइन प्रणालीवर, नोंद हवी आणि प्रकल्पाचा पैसा कॉलेजच्या इतर पैशांत मिसळता कामा नये. अनुदानावर जमलेलं व्याज कॉलेजचं नसतं, ते सरकारजमा करायचं असतं. दरवर्षी प्रगती अहवाल, खर्चाचं विवरण आणि जीएफआर १२-ए या नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते वेळेत गेलं नाही तर पुढचा हप्ता अडतो. म्हणून मंजुरीपत्र आल्याच्या आठवड्यातच लेखापालांसोबत बसा, प्रत्येक खर्चाच्या शीर्षासाठी खतावणीचं वेगळं पान उघडून घ्या आणि पहिल्या रसायनाच्या बिलापासून प्रत्येक बिलाची एक प्रत स्वतःच्या फाइलमध्ये लावा.