दोघांसाठी कोर्लई : समुद्र धरून जाणारी डोंगरवाट

अलिबागहून मुरूडच्या रस्त्याला लागलात की रेवदंड्याच्या पुढे कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल येतो. पूल ओलांडताना उजवीकडे पाहा. खाडीच्या तोंडाशी एक लांबट, चिंचोळा डोंगर थेट समुद्रात शिरलेला दिसेल. तोच कोर्लईचा किल्ला. त्याच्या माथ्यावरून एका अंगाला अरबी समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी ठेवून चालायचं, हा आमचा कार्यक्रम. एका वेळी एकच जोडपं आणि सोबत गावातलाच एक वाटाड्या.

एकच जोडपं का, असं बरेच जण विचारतात. दोन माणसं एकत्र डोंगर चढायला लागली की बहुतेक वेळा एक जण पुढे जातो आणि दुसरा त्याला गाठण्यासाठी दमतो. पुढचा मध्येच थांबतो, मागचा धापा टाकत पोचतो आणि पोचताच पुढचा पुन्हा चालू लागतो. म्हणजे ज्याला विश्रांतीची खरी गरज, त्यालाच ती मिळत नाही. दहा-पंधरा जणांच्या घोळक्यात हे सुधारता येत नाही, दोघांत येतं. आमचा वाटाड्या सुरुवातीची थोडी वाट तुमची चाल पाहतो आणि ज्याची चाल धिमी त्याला पुढे ठेवतो. पुढची सगळी वाट त्या चालीनेच होते. नवीन लग्न झालेली जोडपी असोत की साठीच्या पुढचे काका-काकू, ही पद्धत आम्ही बदलत नाही.

वाट अशी आहे. कोर्लई गावात गाडी ठेवायची. कोळीवाड्यातून जाताना बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील वाळत घातलेले दिसतील, वासही येईल. गाव संपलं की डोंगराच्या पश्चिम पायथ्याने अरुंद रस्ता दीपगृहापर्यंत जातो. डाव्या हाताला खडक आणि लाटा, उजव्या हाताला डोंगराची चढण. दीपगृह आतून पाहता येईल की नाही ते तिथल्या वेळेवर अवलंबून असतं, त्याची चौकशी आम्ही आधीच करून ठेवतो. दीपगृहाच्या मागून पायऱ्या सुरू होतात. खरी चढण तेवढीच. दरवाजातून आत शिरलात की वाट माथ्याला लागते आणि मग तटाच्या आतून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रमतगमत चालायचं. माथा इतका अरुंद आहे की थोडी मान वळवली की दोन्हीकडचं पाणी दिसतं. समुद्राचं निळसर, खाडीचं गढूळ.

आत बघायला बरंच आहे. छप्पर नसलेलं पोर्तुगीज चर्च, पोर्तुगीज भाषेतले शिलालेख, पाण्याचं टाकं, तटावर पडून राहिलेल्या तोफा, एकामागून एक येणारे दरवाजे. उत्तरेच्या बुरुजावर मात्र जरा बसाच. समोर पाण्यापलीकडे रेवदंडा दिसतो आणि ही सगळी बांधकामाची खटपट कशासाठी होती ते तिथे बसल्यावर कळतं. रेवदंड्यात पोर्तुगीजांचं ठाणं होतं आणि हा डोंगर निजामशाहीकडे. डोंगरावर तोफा चढल्या की खाडीत शिरणारं प्रत्येक जहाज त्यांच्या माऱ्यात येणार. म्हणून १५९४ साली पोर्तुगीजांनी लढून हा डोंगर घेतला. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेनंतर, १७४०च्या सुमारास, रेवदंडा आणि कोर्लई दोन्ही मराठ्यांकडे आले.

पोर्तुगीज सत्ता गेली, पण गावातली ख्रिस्ती वस्ती राहिली. या घरांमधून आजही पोर्तुगीजातून घडलेली एक बोली बोलली जाते. चहूबाजूंनी मराठी असूनही ती पावणेतीनशे वर्षं टिकली. बोलणारे फार थोडे उरले आहेत. गावात ती कानावर पडली तर ऐका. मात्र ‘जरा बोलून दाखवा’ म्हणून कुणाच्या दारात उभं राहू नका, मोबाइल तर मुळीच रोखू नका. ती माणसं आपल्या घरात, आपल्या कामात असतात.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. किल्ल्याच्या भिंतींवर जोडप्यांची नावं कोरलेली दिसतात. चुन्याचा तो गिलावा शेकडो वर्षं खाऱ्या वाऱ्याला तोंड देऊन उभा आहे आणि किल्लीचं टोक फिरवलं की सुटून येतो. पुन्हा तो कुणीही तसा लावू शकत नाही. आमच्याबरोबर येणाऱ्या कुणी असं केलं तर फेरी तिथेच थांबते आणि पैसे परत मिळत नाहीत. हा नियम कडक वाटला तरी चालेल.

केव्हा यायचं? ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि माथ्यावर वारा उभं राहू देत नाही, म्हणून जून ते सप्टेंबर आम्ही फेरी ठेवत नाही. मार्चपासून ऊन तापतं, वर सावलीला झाड जवळजवळ नाही. हिवाळ्यात दुपारी साडेतीनच्या सुमारास निघतो आणि अंधार पडायच्या आत पायऱ्या उतरून दीपगृहापाशी येतो. सूर्यास्त वरच पाहू द्या, असा आग्रह होतो. तो आम्ही मानत नाही. चढताना दम लागतो, पण गुडघे दुखतात ते उतरताना, आणि झिजलेल्या पायऱ्यांवर अंधारात पाय ठेवणं धोक्याचं असतं. सूर्य समुद्रात बुडताना खालच्या रस्त्यावरूनही तितकाच छान दिसतो.

पायात तळ धरणारे बूट हवेत. चपला, सँडल नकोत. पावसाळ्यानंतर माथ्यावरचं गवत कमरेला लागतं आणि डिसेंबरात वाळलं की कुसळं मोज्यांत घुसतात. ती चालताना टोचतातच, शिवाय घरी एकेक वेचून काढावी लागतात. म्हणून जाड कापडाची पूर्ण पँट किंवा सलवार घाला. प्रत्येकी दोन लिटर पाणी घ्या, टाक्यातलं पाणी पिऊ नका. टोपी, लागत असेल तर औषध. काठ्या आम्ही देतो. किल्ल्यावर स्वच्छतागृह नाही, त्यामुळे रेवदंड्यात थांबूनच पुढे निघू. गुडघ्याचा, हृदयाचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर नाव नोंदवतानाच सांगा. त्यासाठी पायथ्याचा रस्ता आणि दीपगृह एवढीच सपाट फेरी आहे, आणि ती उणी नाही.

जानेवारी-फेब्रुवारीत आलात तर संध्याकाळी पोपटी ठरवता येते. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, आवडीप्रमाणे बटाटे, अंडी किंवा मसाला लावलेली कोंबडी. तोंडाशी पुन्हा पाला गच्च दाबून मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि भोवती पालापाचोळा, काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब घालत नाहीत. शेंगा आपल्याच ओलीवर शिजतात आणि पाल्याचा वास त्यांत उतरतो. शेतमालकाला आदल्या दिवशी सांगावं लागतं, तेव्हा नाव नोंदवतानाच कळवा. इतर महिन्यांत रेवदंड्यात माशाचं ताट आणि सोलकढी. शाकाहारी जेवणही आधी सांगितलं तर घरगुती मिळतं.

मुंबईहून येणाऱ्यांनी गेटवेहून मांडव्याची बोट घेतली तर पेण-वडखळच्या रस्त्यावरचा वेळ वाचतो. मांडव्याहून पुढची गाडी हवी असेल तर आम्ही पाठवतो, तिचं भाडं वेगळं. पुण्याकडून येणाऱ्यांनी सकाळी लवकर निघून दुपारचं जेवण रेवदंड्यात करावं, मग थोडी विश्रांती घेऊन चढाई.

दरपत्रक या कागदासोबत जोडलं आहे. त्यात वाटाड्याचं मानधन, काठ्या, दीपगृहाचं तिकीट आणि फेरीनंतरचा चहा धरला आहे. जेवण आणि पोपटी धरलेली नाही. अवकाळी पाऊस किंवा जोराच्या वाऱ्यामुळे आम्ही फेरी रद्द केली तर पूर्ण रक्कम परत किंवा दुसरी तारीख, तुम्हाला हवं ते. तुमच्याकडून बेत बदलला तर दोन दिवस आधी कळवा, म्हणजे वाटाड्याला त्या दिवशी दुसरं काम धरता येतं.