सिलिंडर हेड स्टड : जुन्या स्पोर्ट्‌स कार एंजिनांसाठी निवड

सिलिंडर हेड स्टड म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला पोलादी दांडा. त्याचे एक टोक ब्लॉकमध्ये (एंजिनाच्या मुख्य ओतीव भागात) किंवा क्रँककेसमध्ये (क्रँकशाफ्टभोवतीच्या कवचात) बसते आणि दुसऱ्या टोकावरचा नट हेडला, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाला, खाली दाबून धरतो. बोल्ट वापरला तर हेड उघडताना आणि बसवताना दर वेळी तो ब्लॉकच्याच आट्यांत फिरतो आणि मऊ धातूचे आटे लवकर झिजतात. स्टड एकदा बसला की जागेवर राहतो. झीज होते ती नटाच्या बाजूला, आणि नट बदलणे सोपे. म्हणून अॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमच्या जुन्या एंजिनांत स्टडच अधिक आढळतात.

नवे स्टड घेताना गिऱ्हाईक बहुधा पहिला प्रश्न विचारते तो मजबुतीचा. तो चुकीचा नाही, पण दुय्यम आहे. स्टड काम करतो तो ताणलेल्या स्प्रिंगसारखे. नट आवळला की दांडा किंचित लांबतो आणि आखडण्याच्या त्याच्या ओढीमुळे हेड व सिलिंडर एकमेकांवर दाबले जातात. टॉर्क रेंच (नटाला दिलेला पीळ, म्हणजे टॉर्क, मोजणारा पाना) दाखवतो तो आकडा या दाबाचा नव्हे. लावलेल्या जोराचा सुमारे नऊ-दशांश भाग आट्यांतल्या आणि नटाखालच्या घर्षणातच खर्च होतो. त्यामुळे कोरडा आटा, तेल लावलेला आटा आणि मॉलिब्डेनमचे ग्रीस लावलेला आटा यांना एकच टॉर्क दिला तर दाब तीन वेगवेगळे मिळतात.

एंजिन तापल्यावर खरी परीक्षा सुरू होते. १०० अंश से. तापमानवाढीला १५० मिमी लांबीचे अॅल्युमिनियम सुमारे ०.३५ मिमी वाढते, साधे पोलाद सुमारे ०.१८ मिमी. उरलेला ०.१७ मिमी फरक स्टडला ताणून भरून काढावा लागतो. १० मिमीचे आटे आणि मधला दांडा ८ मिमी जाडीचा धरला, तर ३३ न्यूटन-मीटर टॉर्कने थंड एंजिनात साधारण १६ किलोन्यूटन ओढ येते. तापल्यावर तीत ११ किलोन्यूटनपर्यंत भर पडू शकते. हा ताण ८.८ श्रेणीचे पोलादही पेलते (श्रेणीचा आकडा मोठा तितके पोलाद मजबूत). पेलत नाहीत ते क्रँककेसचे आटे. आता ‘आणखी मजबूत’ म्हणून दांडा सरळ १० मिमी जाडीचा घेतला, तर तीच उष्णता ११ ऐवजी जवळजवळ १८ किलोन्यूटनची भर घालते. जाड स्टड तुटत नाही, तो आटे उपटतो. मूळ स्टडची कंबर बारीक ठेवलेली असते ती यासाठी. त्यात काटकसर शोधू नये.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे पोर्शे ९११ चे हवेने थंड होणारे सहा सिलिंडरचे एंजिन. प्रत्येक सिलिंडरला चार, असे एकूण २४ लांब स्टड त्यात क्रँककेसपासून हेडपर्यंत जातात. सुरुवातीची क्रँककेस अॅल्युमिनियमची होती. १९६८ च्या सुमारास वजन कमी करण्यासाठी मॅग्नेशियम आले. मॅग्नेशियम अॅल्युमिनियमहूनही थोडे जास्त फुगते आणि तापल्यावर त्याचे आटे मऊ पडतात. एंजिन २.७ लिटरपर्यंत वाढले, सिलिंडरमधले लोखंडी अस्तर जाऊन पूर्ण अॅल्युमिनियमचे सिलिंडर आले. अमेरिकेसाठीच्या गाड्यांत प्रदूषणनियमांमुळे बसवलेल्या थर्मल रिअॅक्टरांनी (एक्झॉस्टमधले न जळलेले वायू जाळणाऱ्या कप्प्यांनी) उष्णतेत भर घातली. परिणामी १९७४ ते १९७७ च्या २.७ लिटर एंजिनांत स्टड आट्यांसकट वर येणे ही नेहमीची तक्रार झाली.

यावर डिलावार नावाचे मिश्र पोलाद वापरून पाहिले गेले. ते साध्या पोलादापेक्षा बरेच जास्त, म्हणजे अॅल्युमिनियमच्या जवळपास प्रसरण पावते. त्यामुळे तापल्यावर ओढ फारशी वाढत नाही. कल्पना उत्तम होती. पण हे स्टड गंजाला, विशेषतः ओल आणि रस्त्यावरच्या मिठाला बळी पडून अचानक तुटू लागले. ९११ एससी (१९७८–८३) मध्ये वरची रांग पोलादी आणि खालची, एक्झॉस्टच्या बाजूची, डिलावारची असते. तुटतात ते प्रामुख्याने खालचे. खालचे व्हॉल्व्ह कव्हर उघडल्यावर नट आणि त्यात अडकलेला तुटका तुकडा हाती येतो. स्टड कोणता आहे हे ओळखायला लोहचुंबक पुरतो, कारण तो डिलावारला चिकटत नाही. पुढे लेप दिलेले आणि पूर्ण लांबीभर आटे असलेले डिलावारही आले, पण या क्रँककेसवर काम करणारे अनेक कारागीर साध्या पोलादाकडे परत गेले. अॅल्युमिनियमच्या क्रँककेसला ते झेपते. मॅग्नेशियमला झेपावे म्हणून २४ ही छिद्रांत पोलादी इनसर्ट (आटे असलेल्या बाह्या) आधी बसवावे लागतात. फक्त गेलेले आटे दुरुस्त करणे म्हणजे उरलेल्यांची वाट पाहणे.

सगळी एंजिने इतकी नाजूक नसतात. एमजीबीच्या (१९६२–८०) एंजिनात ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे असल्याने प्रसरणाचा प्रश्न जवळपास येत नाही. चांगल्या दर्जाचे, मूळ मापाचे स्टड पुरतात. ट्रायम्फ स्टॅगच्या व्ही-८ मध्ये अडचण निराळी आहे. तिथे बोल्टांच्या सोबतीला तिरके बसवलेले स्टड आहेत. पोलाद आणि अॅल्युमिनियम यांच्यामधल्या गंजाने ते हेडमध्ये असे जाम होतात की ते काढल्याशिवाय हेड उचलताच येत नाही. जॅग्वारच्या नंतरच्या ४.२ लिटर एक्सके एंजिनात लांब स्टड पाण्याच्या जागेतून ब्लॉकच्या तळापर्यंत जातात आणि तिथेच, नजरेआड गंजतात. अशा ठिकाणी स्टडच्या श्रेणीपेक्षा त्यावरचा लेप आणि कूलंटची निगा महत्त्वाची.

श्रेणीबाबत एक सावधगिरी. १२.९ सारख्या फार कठीण पोलादावर विद्युत्‌ विलेपन (विजेच्या साहाय्याने धातूचा मुलामा) केले तर त्यात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होण्याची भीती असते. विलेपनानंतर भट्टीत तापवून तो काढावा लागतो आणि ते झाले की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. अनोळखी पुरवठादाराचे चकचकीत १२.९ घेण्यापेक्षा ज्याचे मूळ ठाऊक आहे असे १०.९ बरे.

खरेदीपूर्वी लांबी, दोन्ही टोकांच्या आट्यांचा पिच (लगतच्या दोन आट्यांमधले अंतर) आणि दांड्याची जाडी जुन्या अखंड स्टडशी ताडून पाहावी. पुष्कळदा ब्लॉककडचे आटे जाड पिचचे आणि नटाकडचे बारीक असतात. अॅल्युमिनियममध्ये आट्यांची पकड व्यासाच्या किमान दीडपट तरी हवी. नट आणि वॉशर स्टडसोबतचेच घ्यावेत, कारण उत्पादकाने सांगितलेला टॉर्क त्याच जोडीसाठी आणि सांगितलेल्या वंगणासाठी असतो. जुन्या मॅन्युअलमधला आकडा नव्या स्टडला आंधळेपणाने लावू नये.

बसवताना छिद्राचा तळ कोरडा हवा. बंद छिद्रात साचलेले तेल स्टड खाली जाताना दाबले जाऊन ब्लॉकला तडा देऊ शकते. छिद्र पाण्याच्या जागेत उघडत असेल तर आट्यांना सीलंट लागतो. स्टड हाताने टेकेपर्यंत फिरवावा, तळाशी करकचून आवळू नये. काही एंजिनांत पृष्ठभागापासून किती वर राहावा याचे माप दिलेले असते, ते प्रत्येक स्टडला मोजून पाहावे. जुना स्टड निघत नसेल तर भोवतालची क्रँककेस आधी गरम करावी, कारण मूळ बसवणीत वापरलेला आटे-चिकटवणारा द्रव उष्णतेनेच सुटतो. थंड स्थितीत पान्ह्याला नळी लावून जोर केला की स्टड आतच तुटतो आणि मग ड्रिलिंगवाचून मार्ग उरत नाही.