लादी वेगळी, चादर वेगळी

हिंदमाताला गुडघाभर पाणी साचलं की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज हमखास पडतो: 'उत्तर ध्रुवावरचा बर्फ वितळतोय, मुंबई बुडणार!' सोबत बर्फाच्या तुकड्यावर उभं केविलवाणं अस्वल. हिंदमाताचं पाणी पावसाचं, सखल भागाचं आणि भरतीचं, ते एक असो. पण या मेसेजात दोन बर्फांची खिचडी झालेली असते, आणि ती दरवर्षी नव्याने वाढली जाते.

उत्तर-दक्षिण फरक शाळेत झालाय. वर जमिनींनी वेढलेला समुद्र, खाली समुद्राने वेढलेली जमीन. अस्वलं वर, पेंग्विन खाली. (दोघांना एकाच थर्माकोलवर चिकटवणाऱ्या पालकांना साष्टांग नमस्कार.)

आता बर्फ. समुद्राचं पाणीच उणे १.८ अंशांच्या आसपास गोठतं, तो समुद्री बर्फ. मी त्याला लादी म्हणतो. जाडी साधारण १ ते ३ मीटर. चादर म्हणजे जमिनीवर पडलेला हिम, हजारो वर्षं थरावर थर दाबत गेलेला. अंटार्क्टिकात त्याची सरासरी जाडी सुमारे २ किलोमीटर. चादर उत्तरेलाही आहे बरं का, ग्रीनलंडवर. म्हणून नुसतं 'ध्रुवावरचा बर्फ' म्हणून भागत नाही.

याचा उलगडा गिरगावातल्या रसवंतीत होतो. 'बर्फ कमी' सांगायला विसरलो होतो. ग्लास काठोकाठ, वर दोन खडे तरंगतायत. गप्पांच्या नादात खडे विरघळले, रस सांडला नाही. तरंगणारा बर्फ आपल्या वजनाइतकं पाणी आधीच बाजूला सारून बसलेला असतो. वितळून तेवढीच जागा भरतो. रस दाट, समुद्र खारट, त्यामुळे केसभर फरक पडतो, तो सोडा. मग मित्राने गंमत म्हणून स्वतःच्या ग्लासातला खडा माझ्यात टाकला आणि रस थेट पँटवर. सांडला कधी? खडा पडला त्या क्षणी. वितळायची वाटसुद्धा पाहिली नाही!

लोक नेमके इथेच घसरतात. जमिनीवरचा बर्फ समुद्रात उतरतो तेव्हाच पातळी वाढते, मग तो हिमनग पुढे वितळायला कितीही वर्षं घेवो. ग्रीनलंडची सगळी चादर समुद्रात गेली तर जगभरात सरासरी सुमारे ७ मीटर, अंटार्क्टिकाची गेली तर सुमारे ५८ मीटर. हे एका रात्रीत होत नाही, पण चिंता करायची तर या आकड्यांची करा. लादी वितळणंही निरुपद्रवी नाही: पांढरा बर्फ ऊन परतवतो, काळा समुद्र ते पितो, आणि ऊब वाढते. मात्र तिने चौपाटी बुडत नाही.

आणि कृपा करून लादीच्या तुकड्याला हिमनग म्हणू नका. हिमनग जमिनीवरून आलेला, गोड्या पाण्याचा.

लादी आणि चादर यांच्या मधलं प्रकरण म्हणजे आइस शेल्फ: चादरीचा समुद्रावर तरंगणारा पदर. २००२ मध्ये लार्सन बी या शेल्फचा सुमारे ३,२५० चौरस किलोमीटरचा भाग काही आठवड्यांत तुटला. तो आधीच तरंगत होता, म्हणून तुटण्याने पातळी वाढली नाही. पण मागच्या हिमनद्यांची आडकाठी गेली आणि त्या अधिक वेगाने समुद्रात उतरू लागल्या. म्हणजे खड्याने सांडलं नाही, खडे टाकणाऱ्याचा हात मोकळा झाला.

आपलं पहिलं अंटार्क्टिक ठाणं, दक्षिण गंगोत्री, १९८३-८४ मध्ये अशाच शेल्फवर उभं राहिलं. साचत्या हिमाखाली ते हळूहळू गाडलं गेलं आणि १९९० मध्ये सोडून द्यावं लागलं. पुढचं 'मैत्री' खडकावर बांधलं.