वर्ग की वॉर्ड? पुराव्याधिष्ठित वैद्यक शिकवण्याच्या वादाची पार्श्वभूमी

पुराव्याधिष्ठित वैद्यकाची, म्हणजे संशोधनाचा पुरावा पारखून उपचाराचा निर्णय घेण्याची, संकल्पना १९९० च्या दशकाच्या आरंभी कॅनडातून पुढे आली. हे वैद्यक विद्यार्थ्यांना वर्गातील स्वतंत्र तासांत शिकवावे की वॉर्डात रुग्णाजवळ, हा वाद नंतरचा आहे. २००२ आणि २००३ मध्ये या विषयाची जाण मोजणाऱ्या, बर्लिन व फ्रेस्नो या शहरांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या चाचण्या आल्यावर अध्यापनपद्धतींच्या तुलनेला समान माप मिळाले. २००४ मधील एका आढाव्याने असे दाखवले की, स्वतंत्र तासांमुळे ज्ञान वाढते, परंतु कौशल्य, दृष्टिकोन आणि वर्तन बदलते ते रुग्णसेवेशी जोडलेल्या अध्यापनाने. हा आढावा पदव्युत्तर प्रशिक्षणाचा होता, ही गोष्ट एमबीबीएससाठी त्याचा दाखला देताना सोयीस्करपणे विसरली जाते.

भारतात एमबीबीएसच्या २०१९ च्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाने व्याख्यानांना एकूण तासांच्या एकतृतीयांशाची मर्यादा घातली; उरलेले शिक्षण लहान गटांत वगैरे व्हावे, ही अपेक्षा. खरा पेच येथेच निर्माण झाला. दोनशे विद्यार्थ्यांच्या तुकडीचे पाच गट पाडले, तरी एका गटात चाळीस जण उरतात. अशा तासाला ‘लहान गट’ म्हणणे म्हणजे व्याख्यानच वेगळ्या नावाने नोंदवणे होय. शिवाय हा विषय सहसा पीएसएम (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यक) विभागाच्या गळ्यात पडतो आणि वॉर्डातील राउंडमध्ये त्याचे नावही निघत नाही.

नागपुरात याची किंमत विशेष जाणवते, कारण सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा रुग्ण येथील वॉर्डात नेहमीचा आहे. या आजारावरील हायड्रॉक्सियुरिया या औषधाचा पाया घालणारी १९९५ ची औषधचाचणी अमेरिका व कॅनडातील २९९ प्रौढांवर झाली आणि तीत वेदनेच्या झटक्यांचे वार्षिक मध्यक प्रमाण नकली औषध (प्लासिबो) घेणाऱ्यांत ४.५, तर हायड्रॉक्सियुरिया घेणाऱ्यांत २.५ होते. विदर्भातील रुग्णांत मात्र बहुधा अरब-भारतीय हॅप्लोटाइप (जनुकांचा एकत्र वारशाने येणारा संच) आढळतो व त्यांचे फीटल हिमोग्लोबिन, म्हणजे आजाराची तीव्रता कमी करणारे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन, मुळातच जास्त असते. मग तोच निष्कर्ष गडचिरोलीहून आलेल्या मुलाला कितपत लागू करावा, हे खाटेजवळ उभे राहूनच शिकता येते. बर्लिन चाचणीच्या पंधरा बहुपर्यायी प्रश्नांत या निर्णयाला गुण नाहीत. म्हणून केवळ त्या गुणांवर झालेल्या तुलनेत वर्ग आणि वॉर्ड बरोबरीचे दिसले, तर नवल नाही. त्यातच एका तुकडीचे दोन गट करून दोन पद्धती ताडून पाहिल्या, तरी पहिल्या गटाच्या नोट्स संध्याकाळपर्यंत हॉस्टेलमध्ये दुसऱ्या गटाच्या मोबाइलवर पोहोचलेल्या असतात आणि उरलासुरला फरकही पुसला जातो.