शंखाधर खळगा आणि जबड्याचा सांधा

कानशिलाखाली, गालाच्या हाडाच्या कमानीआड दडलेली ओबडधोबड पोकळी. दंतवैद्य हिला इन्फ्राटेम्पोरल फॉसा म्हणतात. बाहेरून खालच्या जबड्याची उभी फांदी, पुढे वरच्या जबड्याची मागची बाजू, आत जतुकास्थीचा, म्हणजे कवटीच्या तळाशी असलेल्या हाडाचा, पातळ पत्रा, वर कवटीचा तळ. खालून मात्र ती मोकळीच.

पणजीत १८४२ साली वैद्यकीय शाळा निघाली, तेव्हापासून गोव्यात आधुनिक शरीररचना शिकवली जाते. आज बांबोळीला वैद्यक आणि दंतवैद्यक दोन्ही शिकता येते. विच्छेदनात हा भाग सहजी हाती लागत नाही. आधी हाडाची कमान आणि जबड्याची फांदी करवतीने कापावी लागते, मग शिरांचे जाळे निपटून काढावे लागते. तेव्हा कुठे बाहेरचा टेरिगॉइड स्नायू, मॅक्झिलरी धमनी आणि कवटीतल्या अंडाकृती छिद्रातून उतरणारा मॅन्डिब्युलर मज्जातंतू दिसतो. या जाळ्याच्या शिरा मेंदूच्या तळाशी असलेल्या कॅव्हर्नस सायनसला, म्हणजे रक्त वाहून नेणाऱ्या पोकळीला, जोडलेल्या असतात; संसर्ग त्या वाटेने वर जाऊ शकतो. म्हणून वरच्या दाढेचा पू अंगावर काढू नये.

सांधा कानाच्या अगदी पुढे असतो. तिथे बोट ठेवून तोंड उघडले की खालच्या जबड्याच्या फांदीवरचा हाडाचा गोळा आधी जागच्या जागी फिरतो आणि मग पुढे सरकतो, हे बोटालाच कळते. सांध्यातली चकती त्याचे दोन कप्पे करते: खालच्यात फिरणे, वरच्यात सरकणे. चकतीला आणि गोळ्याला पुढे ओढतो तो बाहेरचा टेरिगॉइड. मोठी जांभई देताना गोळा पुढच्या उंचवट्यापलीकडे गेला की जबडा निखळतो आणि तोंड मिटता मिटत नाही. डॉक्टर खालच्या दाढांवर अंगठे दाबून जबडा आधी खाली, मग मागे ढकलतात. घरच्या घरी झटके देणे हा निव्वळ आगाऊपणा.

खालची दाढ काढताना बधिर करण्याची सुई जबड्याची फांदी आणि आतला टेरिगॉइड यांच्या मधल्या फटीत जाते. अर्धा ओठ बधिर होतो, बहुधा जिभेची ती बाजूही. सुई स्नायूतच शिरली, तर पुढे काही दिवस तोंड नीट उघडत नाही.

तोंड न उघडण्याचा दोष दर वेळी सांध्याचा नसतो. फोंड्याकडच्या कुळागरांत सुपारी मुबलक; ती सतत चघळणाऱ्यांच्या गालाचे आतले अस्तर ताठ होते. निरोगी तोंडात साधारण तीन बोटे उभी मावतात, इथे दोनही मुश्किलीने जातात. अशा वेळी नुसता सांधा तपासून भागत नाही. गालाच्या आत बोट फिरवून ताठ पट्टे लागतात का, ते पाहावे लागते.