रक्तबिंबिका एकमेकींना कशा चिकटतात?

डेंग्यूच्या साथीत प्लेटलेटचा, म्हणजे रक्तबिंबिकांचा, आकडा घरोघरी विचारला जातो. मात्र आकडा उत्तम असूनही रक्त लवकर थांबत नाही, असा एक आनुवंशिक विकार आहे. स्विस बालरोगतज्ज्ञ एडुआर्ड ग्लान्झमन यांनी १९१८ मध्ये त्याचे वर्णन केले. या रुग्णांच्या रक्तबिंबिका एकमेकींना चिकटत नाहीत आणि गुठळी नीट आकसतही नाही. त्यामागचे कारण १९७० च्या दशकात उलगडू लागले: रक्तबिंबिकेच्या पृष्ठभागावरील एक प्रथिन त्यांच्यात नसते किंवा सदोष असते. हृदयरोगतज्ज्ञ त्याला ‘टू-बी थ्री-ए’ म्हणतात. ते इंटिग्रिन कुळातले, म्हणजे पेशींना एकमेकींशी किंवा भोवतालाशी जोडणाऱ्या प्रथिनांपैकी आहे.

एका रक्तबिंबिकेवर या प्रथिनाचे सुमारे ८०,००० रेणू असतात, आणि फायब्रिनोजेन नावाच्या ज्या विरघळलेल्या प्रथिनाला ते धरते, तेही रक्तात सतत मुबलक असते. तरीही निरोगी रक्तवाहिनीत गुठळी होत नाही, कारण एरवी हे प्रथिन वाकून मिटलेले असते. माझ्या मते त्याच्या चिकटण्यापेक्षा हे न चिकटणेच अधिक विलक्षण आहे. रक्तवाहिनीला इजा झाली, की रक्तबिंबिका आधी दुसऱ्याच एका प्रथिनाच्या आधारे जखमेपाशी थबकते. मग रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या, आता उघड्या पडलेल्या कोलॅजेन तंतूंमुळे आणि थ्रॉम्बिन या रक्त गोठवणाऱ्या विकरामुळे तिच्या आत संदेश उठतात, टॅलिन नावाचे प्रथिन इंटिग्रिनच्या आतल्या शेपटीला जाऊन भिडते आणि बाहेरचा भाग ताठ होऊन उघडतो. फायब्रिनोजेनचा रेणू दोन्ही टोकांनी पकडता येत असल्याने शेजारच्या दोन रक्तबिंबिका त्याने जोडल्या जातात. या पकडीचा संदेश उलट आतही पोहोचतो, आणि पेशीतील ॲक्टिन-मायोसिनचे आकसणारे तंतू गुठळी आवळून घट्ट करतात.

हीच पकड हृदयाच्या रोहिणीत नको तेव्हा बसली तर हृदयविकाराचा झटका येतो. ती रोखणारे ॲब्सिक्सिमॅब हे प्रतिपिंडापासून बनवलेले औषध १९९४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. नंतर आलेल्या एप्टिफिबॅटाइडची प्रेरणा तर एका छोट्या खुळखुळ्या सापाच्या विषातली! अँजिओप्लास्टीच्या वेळी शिरेतून दिलेली ही औषधे उपयोगी ठरली, पण याच प्रथिनावरच्या तोंडाने घ्यायच्या गोळ्यांच्या चाचण्यांत मृत्यू उलट वाढले. त्याच्या संभाव्य कारणांपैकी एक असे, की फायब्रिनोजेनची जागा अडवणारा औषधाचा रेणूच प्रथिनाला उघडण्यास प्रवृत्त करतो आणि औषध सुटल्यावर उघडे राहिलेले प्रथिन फायब्रिनोजेनला धरते. त्यामुळे झॅलनफिबॅनसारखे नवे रेणू प्रथिनाला मिटलेल्याच आकारात अडकवून ठेवतील, अशा बेताने रचण्यात आले.